पाइपाची टोपी का उडत होती?

पाणी बंद असताना, नीट चिकटवलेली टोपी प्लास्टिकच्या पाइपावरून का उडावी? हा प्रश्न मला पनवेलमध्ये अमीनाभाभींच्या अंगणात पडला. त्या वेळी टोपी दुसऱ्यांदा उडून माझ्या चष्म्यावर आदळली होती.

मी तेव्हा आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकवत असे. भाभी शेजारच्या. त्यांचा मुलगा रफीक कुवेतहून स्वतःच्या लग्नासाठी आला होता. मांडवाच्या आड येणारे अंगणातले बेसिन त्याने सकाळीच काढले, पण जमिनीतून वर आलेला पाइप उघडाच राहिला. तो बंद केल्याशिवाय घराचे पाणी सुरू करता येईना. संध्याकाळी उरणहून पाहुणे यायचे होते आणि प्लंबर फोन उचलत नव्हता.

“मास्तर, तुम्ही नुसतं सांगा. हात माझे,” रफीक म्हणाला.

सांगणे हा माझा व्यवसायच. मी मुख्य व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून स्वयंपाकघरातला नळ उघडून ठेवला. रफीकने पाइपाचे तोंड सरळ कापले, पॉलिश पेपरने घासले, कोरडे केले. मग सॉल्व्हंट सिमेंट. लोक त्याला गोंद समजतात. वास्तविक ते प्लास्टिक किंचित विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते. पातळ थर द्यायचा, टोपी, म्हणजे एंड कॅप, थोडी फिरवत पूर्ण दाबायची आणि अर्धा मिनिट धरायची.

रफीकने तसेच केले होते. दोनदा. दोन्ही वेळा हात काढताच फट्!

“पायपावर टोपी बसत नाय, तुझ्या डोक्यावर सेहरा कसा बसायचा रे?” भाभींनी विचारले.

“अम्मी, मास्तरांनी मलाच टोपी घातली!”

मायलेक हसून बेजार. मीही गांभीर्य सांभाळू शकलो नाही. डोळे पुसत स्वयंपाकघरात गेलो, तर नळ बंद.

“हा कोणी बंद केला?”

“मी. मघाशीच केला. उघडा नळ बघवत नाय, मास्तर. बरकत जाते.”

“अहो, पाणीच बंद आहे!”

“असूं दे. नळ तर उघडाच ना?”

उत्तर सापडले. तो नळ पाण्यासाठी नव्हे, हवेसाठी उघडा हवा होता. टोपी दाबली की आतली हवा दाबली जाते. तिला दुसरी वाट नसेल, तर ती टोपीलाच बाहेर ढकलते.

मी भाभींनाच नळाच्या पहाऱ्यावर नेमले. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. त्या हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या विद्यार्थिनीसारख्या उभ्या राहिल्या.

“झालं का, मास्तर? हात शिवशिवतायत!”

या वेळी टोपी हलली नाही. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ दिला आणि व्हॉल्व्ह उघडला. रफीकने पाइपाभोवती बोट फिरवले. कोरडे! आमचे नाचायचेच बाकी होते. तेवढ्यात आतून, धो धो पाण्याच्या आवाजावर चढलेला भाभींचा आवाज आला:

“मास्तर, आता तरी बंद करूं का?”

तात्पर्य, पाइप बंद करताना एक नळ उघडा ठेवावा आणि घरातल्यांना त्याचे कारण आधी सांगावे. माझ्या शब्दावर विसंबू नका. एक टोक बंद केलेल्या पाइपाच्या लहान तुकड्यावर ओली टोपी दाबून पाहा, मग ते टोक उघडून पुन्हा पाहा. चष्मा असल्यास लावूनच.