बुधवारची खेप

सरकारचा नियम फार मायाळू होता. ट्रक चालवणाऱ्याने सलग पाच तासांवर गाडी हाकायची नाही, मग अर्धा तास आराम, आणि दिवसाचे नऊ तास भरले की बस. हे सगळं एका पुस्तकात रोजच्या रोज लिहायचं. नियम करणाऱ्याने आमचा शेठ पाहिला नव्हता, एवढंच.

आमचे हे शेठच्या ट्रकातून नाशिकहून भायखळ्याच्या बाजारात भाजी आणायचे. यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी कोकणात चार बुकं शिकलेली. त्यामुळे पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. भोईवाड्याच्या खोलीत दर रविवारी जेवणं उरकली की मी येणारा अख्खा आठवडा आधीच लिहून टाकायची. निघाले, पोचले, आराम, झोप. आयुष्यात कधी मिळाली नाही एवढी झोप मी यांना कागदावर दिली. मध्येच शाई बदलायची, रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते, हे सांगायला आज लाज वाटते.

संयुक्त महाराष्ट्रासाठी एका बुधवारी मुंबई कडकडीत बंद राहिली. गाडी बाजारात उभी आणि हे मोर्चात. शेठ खवळला. बुडालेली खेप भरून काढा म्हणाला, आणि गुरुवारपासून यांना पाठ टेकू दिली नाही. शनिवारी दुपारी कसारा घाटात यांचा डोळा लागला. गाडी कठड्यावर आदळली. पाय मोडला, जीव तेवढा वाचला.

चौकशी लागली, तेव्हा शेठने लायसनच्या कचेरीत माझंच पुस्तक पुढे केलं. झोप तर पुरेशी झालेली, म्हणजे ड्रायव्हर प्यायलेला असणार! ज्या माणसाने कधी थेंबाला शिवलं नाही, त्याचं लायसन जायची वेळ आली. घरात दुसरं कमावतं कोणी नव्हतं. मी तरातरा कचेरी गाठली, हे काठी टेकत मागे.

"साहेब, बुधवार बघा," मी म्हणाले. "त्या दिवशी मुंबई बंद होती, गाडी हललीच नाही. इथे नाशिकची खेप लिहिलीय. पुस्तक खोटं आहे. तीन दिवस हे झोपले नव्हते."

साहेबाने बुधवार वाचला, मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

"मग खोटं लिहिलं कोणी?"

"मी लिवलंय, साहेब," हे पटकन म्हणाले.

साहेबाने टाक पुढे सरकवला. "एक ओळ लिहून दाखव."

यांनी टाक मुठीत धरला, लाटणं धरावं तसा. मला बघवेना. "मीच लिहिलं," मी म्हणाले.

लायसन गेलं. दारूपायी नाही, खोट्या नोंदीपायी. शेठ म्हणाला, मी तर कोरं पुस्तक देतो, पुढचं मला काय ठाऊक! त्याच्यापुढे कोणी टाक सरकवला नाही. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

महिन्याभराने शेठचा नवा ड्रायव्हर आमच्या दारात उभा, हातात कोरं पुस्तक. "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. माझ्या घरात कोणाला लिहिता येत नाही."

मी त्याला हाकलणार, तोच हे खाटेवरून म्हणाले, "लिवून दे गो. नायतर त्याची पण नोकरी जाईल."

मी पुस्तक उघडलं, टाक घेतला.

"आणि आधी विचारून घे," हे म्हणाले, "या आठवड्यात बंद कधी हाय."