चाळीस अंशांची हवा

हे गेले त्याला दोन महिने झाले होते. पुतणी लॅपटॉप घेऊन बडोद्यात नागरवाड्याला आमच्या घरी आली. तिच्या कॉलेजच्या प्रकल्पाचा प्रोग्रॅम ह्यांनी मे महिन्यात लिहून दिला होता. ह्यांची सगळी नोकरी रिफायनरीत झाली, टाक्यांमधल्या तेलाची पातळी मोजणाऱ्या उपकरणांवर. हा प्रोग्रॅम म्हणजे त्यांचं शेवटचं काम.

पडद्यावर चित्रातला सेन्सर होता आणि त्याचा हिशेब करणारा, चित्रातलाच मायक्रोकंट्रोलर. सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो वस्तूवर आपटून परततो आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. पुतणीनं वस्तू माउसने ओढून दोनशे सेंटिमीटरवर ठेवली.

"काकू, बघ ने, दोनशे सात दाखवतंय. काकांचं कुठेतरी चुकलंय."

"दोनाने भागलंय का? आवाज जाऊन येतो."

"ते भागलंय गं. आवाजाचा वेगच त्यांनी तीनशे पंचावन्न घातलाय. सगळे तीनशे त्रेचाळीस घेतात. सोमवारी सबमिशन आहे, बदलू ने?"

मी तिला थांबवलं. शेवटी शेवटी हे विसरू लागले होते. खंडेराव मार्केटला जात आणि रिकामी पिशवी घेऊन परतत. पण मापात ते चुकतील, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आकडेही सुटले असतील, तर हे मे महिन्यातच माझ्यापासून फार लांब गेले होते, आणि शेजारी बसून मला ते कळलं नव्हतं.

मी माझं कॉलेजचं भौतिकशास्त्राचं पुस्तक काढलं. शून्य अंशाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला तीनशे एकतीस मीटर, आणि दर दहा अंशांना तो साधारण सहा मीटरनी वाढतो. म्हणजे वीस अंशांना तीनशे त्रेचाळीस. चाळीस अंशांचा हिशेब मी कागदावर दोनदा केला. तीनशे पंचावन्न.

मी तो कागद पुतणीपुढे ठेवला. पडद्यावरच्या हवेला ऊन नव्हतं, वारा नव्हता. ती कायम वीस अंशांची. ह्यांनी मात्र स्वतःभोवतीची, मे महिन्यातल्या दुपारची हवा तिच्यात घातली होती. आवाज तापलेल्या हवेतून जास्त वेगानं जातो, हे कॉलेजपासून माझ्या पुस्तकात होतं. इतकं अद्भुत काही मी नुसतं पाठ करून सोडून दिलं होतं.

पुतणी हसली. "काकांना एसीतला आकडा पटलाच नसता."

मग तिनं तापमान विचारणारी एक ओळ वाढवली. वीस अंश घातल्यावर अंतर बरोबर दोनशे आलं.

"पण सर विचारतील, तापमान कशाला घेतलंस? काय सांगू?"

"सांग, काकांनी बडोद्यात मोजलंय."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.