नानामामांचे अपघात

आमचे नानामामा पगार घेऊन अपघात घडवायचे. खोटं नाही सांगत. आठवडाभर तयारी करायची, ठरलेल्या दिवशी एक पाइप फुटल्याचं सोंग करायचं, मग काय काय होतं ते डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि हात धुऊन डबा खायला बसायचं. मुंबईकडच्या एका संशोधन केंद्रात त्यांची अख्खी नोकरी ह्यातच गेली. निवृत्त होऊन ते जानेफळला, म्हणजे माझ्या आजोळी, धाकट्या भावाकडे राहायला आले, तेव्हा गावानं त्याचा एकच अर्थ लावला. बॉम्बवाले नाना आले!

"बॉम्ब नाही रे बाप्पा," मामा हात जोडून सांगायचे. "किटली. लय मोठी किटली."

माझं डोणगावात झेरॉक्सचं दुकान आहे आणि जिभेला हाड नाही, हे दोन्ही पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत. रविवारी दुकान बंद करून मी आजोळी जायची. एका रविवारी मी मामांना धरूनच बसवलं. "काऊन हो मामा, तुमच्या किटलीत नेमकं शिजते काय? आज सांगाच." थंडीचे दिवस होते. अंगणात कोवळं ऊन आलं होतं, कुंपणापलीकडे तुरीला पिवळा फुलोरा होता, आणि मामा त्या फुलोऱ्याकडे बघत इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं, झोपले. त्यांचं हे नेहमीचंच. काही विचारलं की दूर कुठंतरी बघायचे आणि म्हणायचे, "पोचू दे." प्रश्न आतपर्यंत पोचला, की मग उत्तर निघायचं.

त्या दिवशी निघालं ते असं. अणुवीज केंद्रात मोठा पाइप फुटला, तर आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मग दुसरीकडून गार पाणी आपोआप यावं लागतं, आणि ते आतल्या तापलेल्या इंधनाच्या कांड्या कोरड्या पडायच्या आधी पोचावं लागतं. पोचतं की नाही हे बघायला खरं केंद्र तर कोणी फोडणार नाही. म्हणून त्याची एक लहान प्रतिकृती बांधायची. अणूचं नाव नाही, नुसते विजेचे हीटर. आणि ती पुन्हा पुन्हा फोडायची.

"म्हंजे भातुकली," मी म्हटलं.

मामा हसले. "हाव. पण भातुकलीत भात शिजला म्हणून लग्नाच्या पंगतीचा शिजते काय? त्यासाठीच मले ठेवलं होतं." मग म्हणाले, "आमची भातुकली उंचीनं खऱ्याएवढीच होती, फक्त बारीक. उंची कमी केली तं पाण्याचा वेळच बदलते. अन् बारीक केलं तं लोखंड जास्त, पाणी कमी. ते तापलेलं लोखंड आपली गरमी पाण्यात सोडते अन् उत्तर बिघडवते. लहान वस्तू खोटं बोलत नाही बाई. पण ती आपल्याच घरचं सांगते. मोठ्याचं आपल्याले काढा लागते."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी हळू व्हायचा. कुंपणावर एखादी खार धावली तरी ते तिच्याकडे मान वाकडी करून बघत राहायचे. "तिचा वेळ आपल्यापेक्षा जल्दी चालते. तिची एक दुपार म्हंजे आपला आठवडा असन." चहा निवून जायचा. मामी हयात असत्या तर रागावल्या असत्या; त्या नव्हत्या म्हणून मी रागवायची. ते मुकाट्यानं गार चहा पिऊन टाकायचे. मला त्यांच्याजवळ बसलं की एरवी कुठं नाही एवढं शांत वाटायचं. बडबड करणाऱ्या बाईला असं माणूस आयुष्यात एखादंच मिळतं.

एकदा त्यांनी सहज सांगितलं की नोकरीच्या शेवटी एका अहवालावर त्यांचीही सही झाली होती. भातुकलीत पाणी वेळेत पोचलं, खऱ्यातही पोचेल, असा तो अहवाल. त्या भरवशावर केंद्र उभं राहिलं, चालू झालं. मी म्हटलं, वा! मामांनी निवलेला चहा उचलला. तेव्हा मला त्यात एवढं काही वाटलं नाही.

मग ते सोयाबीनचं झालं. आदल्या वर्षी धाकट्या मामांनी कोपऱ्यातल्या तुकड्यातल्या सोयाबीनची लहानशी सुडी, म्हणजे गंजी, दमट असतानाच ताडपत्री टाकून झाकली होती, आणि तिला काही झालं नव्हतं. ह्या वर्षी सगळ्या वावराचं सोयाबीन दमटच कापून एकाच मोठ्या सुडीत रचलं. मळणीयंत्राचा नंबर लागेना आणि आभाळ भरून आलं. धाकट्या मामांनी विचारलं, "दादा, झाकून ठेवू काय? मागच्या साली ठेवलं होतं, काही नाही झालं."

नानामामा आभाळाकडे बघत होते. ह्या वेळी "पोचू दे" म्हणाले नाहीत. म्हणाले, "ठेव ना."

ताडपत्री काढली तेव्हा मी तिथंच होते. आंबूस वास आला, आतून वाफ निघाली. वरचं चांगलं होतं, पोटातलं सगळं काळं पडलेलं. लहान सुडीची गरमी बाहेर निघून जाते, मोठीची आतच कोंडते. हे मला आता कळतं, तेही मामांनीच शिकवलं म्हणून. नानामामांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला.

"जाऊ द्या दादा," धाकटे मामा म्हणाले. "सोयाबीनच हाये. घरदार तं नाही ना जळालं."

काय बोलले बिचारे! धीर द्यायला गेले होते. नानामामांचा चेहरा इतका उतरला की मी त्यांचा हात ओढून बाहेर काढला. "मामा, पोळन ना!" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आयुष्यभर हेच काम केलं बाई मी. हेच. अन् हे मले दिसलं नाही. मंग तिथं, त्या अहवालात, काय काय दिसलं नसन?"

त्यानंतर मामा बदलले. फुलोऱ्याकडे बघायचे, पण बघत नसायचे. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एक मॅडम होत्या, त्यांना फोन लावून तो अहवाल पुन्हा तपासायला सांगितलं. मी शेजारीच बसले होते. मॅडम फार चांगल्या. त्यांनी काही दिवस घेतले, सगळं पुन्हा तपासलं आणि कळवलं, "सर, तुमच्यानंतर आणखी लोकांनी वेगळ्या प्रतिकृतींवर बघितलंय. उत्तर तेच येतंय." मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "झालं ना मामा समाधान?"

"त्याही भातुकल्याच ना," मामा म्हणाले. "मी बरोबर होतो की नाही, हे पक्कं कळाचा रस्ता एकच हाये. तिथं खरंच पाइप फुटणं. तवा मले ते कधीच कळू नये. मरेपर्यंत नाही, अन् मेल्यावर तुमाले बी नाही. एवढंच देवाजवळ मागतो."

मी गप्प बसले. मी!

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. दुकान उघडून मी पेपर चाळत असायची. "काही हाये काय?" ते विचारायचे. कशाबद्दल ते बोलायचे नाहीत. मी सगळी पानं उलटून सांगायची, "काही नाही मामा." "बरं झालं," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. कधी गिऱ्हाईक समोर असलं की मी न बघताच "नाही" म्हणायची, तर पलीकडून हळूच यायचं, "नीट पाह्य ना बाई."

गेल्या थंडीत मामा गेले. दवाखान्यात बोलणं बंद होत आलं होतं. मी पेपर घेऊन गेले, पान न् पान उलटून दाखवलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "काही नाही मामा. कुठंच काही नाही." त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. तोंडावर ते जुनं, दूर बघणारं हसू आलं. ते संध्याकाळी गेले, त्यांना हवं होतं तसं, काही न कळता.

आता ते काम माझ्याकडे आहे. मी रोज दुकान उघडते आणि आधी पेपर बघते, नीट बघते. काही नसतं. भारी बरं वाटतं. मग वाटतं, हे सांगावं कोणाला? आणि गिऱ्हाईक येईपर्यंत मी तशीच काउंटरवर हात ठेवून रडते.