ऑफर्टरी आणि खाली पिशवी

माझी शाळा हिंगणघाटची, इंग्रजी माध्यमाची, ख्रिस्ती सिस्टर लोक चालवत ती. पाचवीत असताना सिस्टर म्हणाल्या, उद्या प्रार्थनेत 'ऑफर्टरी' आहे, विसरू नका. मला त्यातलं 'ऑफर' तेवढं कळलं. ऑफर म्हणजे बाजारात कापडाच्या दुकानावर टांगलेली पाटी, एकावर एक फुकट. हात वर करून विचारायचा माझा स्वभाव नव्हता. घरी आईला सांगितलं, उद्या शाळेत ऑफर आहे. तिनं कापडाची पिशवी धुऊन दिली. "जे देतीन ते नीट आणजो."

दुसऱ्या दिवशी मुलं रांगेनं तांदूळ, केळी, मेणबत्त्या टोपलीत ठेवत होती. माझी पाळी आली. मी पिशवीत हात घातला आणि काहीतरी ठेवल्यासारखं केलं. मागची मुलगी कुजबुजली, "काय टाकलं व? हवा?"

संध्याकाळी बाबा कापसाच्या जिनिंगमधून आले. आईनं हसत हसत सगळं सांगितलं. बाबा हसले नाहीत.

"खाली पिशवी घेऊन उभी राह्यली तू?"

मी मान हलवली.

"माह्या आज्यानं खाली टोपलं घेऊन दारोदार भाकरी मांगल्या. बुद्धाची दीक्षा घेऊन आला अन् पयले ते टोपलं चुलीत घातलं. अन् माही पोरगी..."

"पोरीची काय चूक? मलेच समजलं नाई," आई म्हणाली.

सकाळी बाबा माझ्याबरोबर निघाले. वडनेरच्या आमच्या शेतातल्या तुरीची डाळ त्याच पिशवीत गच्च भरली होती. शाळा दिसू लागली तशी मी दहा पावलं पुढे चालू लागले.

"अर्पण तर काल झालं," सिस्टर म्हणाल्या.

"एक दिवस उशीर झाला जी. पण त्या तुमच्या शब्दाचा अर्थ काय होते?"

सिस्टरनी विचार केला. "समोर घेऊन येणं."

"म्हणजे कोणी मांगत नाई?"

"नाही. आपण होऊन आणायचं."

"मंग बराबर हाय." बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली.

सिस्टरनी मला विचारलं, "हे कोण?"

बाबांच्या केसांत कापसाची तूस होती. दाराशी माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. मी म्हणाले, "घरून आलेत."

बाबांनी ऐकलं. "हो जी, घरूनच," ते म्हणाले. डाळ डब्यात ओतून झाल्यावर त्यांनी पिशवी झटकली, घडी केली आणि खिशात घातली. त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही नाही.

कॉलेजात असताना तो शब्द मी एकदा शोधून पाहिला. सिस्टरनी सांगितलं ते खरंच होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ समोर वाहून नेणं. त्यातल्या 'वाहणे' अर्थाच्या लॅटिन शब्दाचं मूळ आणि आपल्या 'भार', 'भरणे' या शब्दांचं मूळ एकच, असं पुढे लिहिलं होतं. आणि त्या 'भरणे'च्या दिवशी मी शाळेत रिकामी पिशवी घेऊन गेले होते. हे बाबांना सांगायचं मनात होतं. सुट्टीत घरी गेले की सांगू, असं म्हणत राहिले.

यंदा, बाबा गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाला विहारात दान द्यायचं होतं. तांदूळ आणि डाळ. काका म्हणाले, "तू बस व बेटा, मी देतो. तुले लोकाईत जमत नाई." मी हातातली पिशवी सोडली नाही. विहारातली सगळी माणसं मागे बसली होती, आणि मी चालत भंतेजींसमोर, बाबांच्या फोटोपाशी गेले.

"कोणाच्या स्मरणार्थ?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. अगदी हळू.

"मोठ्यानं सांग," मागून कोणीतरी म्हणालं, "आयकू नाई येऊन राह्यलं."

"माझे बाबा," मी म्हणाले. "हे माझे बाबा."