दोघांत एक थाळी

मुलुंडचे दिगंबर परब आणि त्यांची बायको मालन दर रविवारी उपनगरातली एखादी नवी, स्वस्त खानावळ शोधून काढत. थाळी एकच मागवत. चवीचा निकाल मालनचा. घशाच्या कॅन्सरवरच्या उपचारांत तिची चव गेली, गिळणंही अवघड झालं, पण तिने रविवार सोडला नाही. आता दिगंबर जेवत आणि ती समोर बसून विचारी, "कसं झालंय?"

त्या दिवशी भांडुपच्या खानावळीत काळ्या वाटाण्यांची उसळ खारट झाली होती. तिला वाईट वाटू नये म्हणून दिगंबर म्हणाले, "झकास!"

"झकास? मग अख्खा तांब्या का संपवलात?"

"तिखट आहे गं जरा."

"अहो, मी आता तुमच्या जिभेवर जेवते. तुम्हीच खोटं बोललात, तर मी काय खाऊ?"

दिगंबरांची मान खाली गेली. "मीठ फार पडलंय. खोबरं मात्र छान भाजलंय."

मालन डोळे मिटून, तोच घास खात असल्यासारखी सावकाश आवंढा गिळत राहिली.