जुना फॉर्म आणि माझा अंगठा

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्या दिवसांत शहरात सगळ्यात जास्त कोणी फुगलं असेल तर ते मी. तसा मी कारकून होतो आणि कारकूनच राहिलो. पण जिल्ह्याचा होतो तो रातोरात राज्याचा झालो. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत लोक मला विचारू लागले, आता पुढे काय होणार म्हणून. मला काही ठाऊक नसायचं, तरी मी "बघू, वरती बोलणं चालू आहे" असं म्हणायचो.

आमच्या ऑफिसला इमारत नव्हती. एक राहता बंगला भाड्याने घेतला होता आणि माझ्या वाट्याला त्यातलं स्वयंपाकघर आलं होतं. ओट्यावर फायली, मोरीत शाईच्या बाटल्या, आणि जिथे कधीकाळी कोणी पोळ्या लाटल्या असतील तिथे मी टिपणं लिहीत बसायचो. सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या किरकोळ सामानाच्या मागण्या माझ्याकडे यायच्या. कापूस, पट्टीचं कापड, स्पिरिट, असलं सगळं. त्या मंजूर करणं साहेबांचं काम, आणि त्यांत खोट काढणं माझं. खोट काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही थोड्या अभिमानाने सांगतो. लाज वाटायला हवी, पण आधी अभिमानच येतो.

तर राज्याच्या कारकुनाला शोभतील असे बूट हवेत म्हणून मी नवे बूट घेतले. टोकदार, काळे, चकचकीत. ते उजव्या पायाच्या अंगठ्याला चावत होते, पण मला कळलंच नाही. मला शुगर होती, आणि शुगरवाल्याच्या पायाला पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. एके दिवशी मोजा काढला तर अंगठ्याला फोड, आणि मोजा चिकटलेला.

मी अर्थातच प्रायव्हेटमध्ये गेलो. तेलीबांध्याच्या बाजूला एक नवं हॉस्पिटल निघालं होतं. काचेचं दार, थंडगार हवा, बसायला सोफा. काउंटरवरची मुलगी मला "सर" म्हणाली. आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी सर म्हणत होतं, आणि तेही माझ्याकडे बघून. तीन आठवडे मी तिथे जात राहिलो. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा वेळ मी त्या "सर"साठीच गेलो असेन. दर खेपेला वेगळा डॉक्टर भेटायचा, वेगळी तपासणी लिहून द्यायचा आणि हसून हात मिळवायचा. घरी पथ्य सांगितलं होतं, ते मी जेवणाच्या वेळी पाळायचो आणि चहाच्या वेळी विसरायचो. तीन आठवड्यांनी अंगठा काळसर झाला. मोठ्या डॉक्टरांनी तो दुरूनच पाहिला आणि म्हणाले, "सोमवारी ॲडमिट व्हा. अंगठा काढून टाकू. छोटंसं ऑपरेशन आहे."

घरी आलो आणि खुर्चीत बसून राहिलो. मला भीती वाटत होती. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. बायकोने पाय हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, "कापाची घाई काहून करून राहिले? एकदा सरकारीत दाखवा न. आपल्या कामवालीच्या नवऱ्याचा पाय तिथंच बरा झाला."

"मी? आणि तिथे?" मी म्हणालो.

"हव, तुम्ही. दिवसभर त्यांचेच तर कागद पाहता."

तेच तर माझं दुखणं होतं. सरकारी दवाखाना ही लोकांसाठी असलेली गोष्ट आहे, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या लोकांत मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं. शिवाय आपली मराठी माणसं शहरात मोजकी. कोणी रांगेत पाहिलं तर संध्याकाळपर्यंत पार पुरानी बस्ती मोहल्ल्यापर्यंत बातमी. म्हणून मी ठरवलं की जायचं, पण मी म्हणून नाही जायचं.

पहाटे उठून गेलो. रांगेत दीड तास उभा राहिलो, एका पायावर जास्त. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं आणि माझ्या तोंडून माझ्या साळ्याचं नाव निघालं. तो भिलाईला असतो, त्याला कोण बघतंय, असा माझा हिशोब. शिवाय त्याचं काहीतरी दुखतंय असं सरकारी कागदावर उमटलेलं पाहून मला थोडं बरंही वाटलं. चिठ्ठी हातात आली. तिच्यावर जुन्या राज्याचं नाव छापलेलं होतं, ते पेनाने खोडून वर नव्या राज्याचं लिहिलं होतं. त्याही अवस्थेत माझ्यातला कारकून म्हणाला, हे नियमात बसत नाही.

तिथल्या सर्जनने हसून हात वगैरे मिळवला नाही. त्याने अंगठा दाबला, टोचला, हाडाचा फोटो काढून आणवला, आणि चार वाक्यांत निकाल दिला. हाड अजून चांगलं आहे. रोज ड्रेसिंग करा, इन्सुलिन घ्या, गोड बंद. पंधरा दिवसांत मांस लाल झालं तर अंगठा राहील, नाही तर जाईल.

ड्रेसिंगच्या खोलीत एक सिस्टर होत्या. गोंदियाकडच्या. चिठ्ठीवरचं साळ्याचं आडनाव वाचून त्या लगेच मराठीत सुरू झाल्या. "इतके दिवस काय करून राहिले होते? पाय आहे का पेन, संपला तं दुसरा घ्याले?"

मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, काय करता. मी म्हणालो, मास्तर आहे. एकदा खोटं नाव सांगितलं की पुढचं आपोआप येतं.

माझ्या शेजारी बाकावर रोज एक म्हातारी असायची. आरंगकडच्या खेड्यातून बसने यायची. तिच्याही पायाला जखम, माझ्यापेक्षा मोठी. माझी पट्टी सुटत असताना ती वाकून बघायची आणि विचारायची, "पिराथे का, मास्टरजी?" म्हणजे दुखतंय का. मला दुखत नसायचं, पण विचारल्यावर डोळ्यांत पाणी यायचं. तिच्या पायाला पट्टी म्हणून जुन्या लुगड्याचे उकळलेले तुकडे असत.

"कापड नाही," सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. "बाहेरून आणा." मी मेडिकलमधून गुंडाळी आणली. त्यांनी ती माझ्यादेखत निम्मी कापली आणि निम्मी म्हातारीच्या पायाला लावली. "तुमचा अंगठा आहे, इचा पाय आहे," त्या म्हणाल्या. "मी दोन महिने झाले मागणी पाठवून. वरती कोणी बाबू बसला आहे. म्हणतो, जुन्या राज्याच्या फॉर्मवर मागणी चालत नाही, नव्या फॉर्मवर पाठवा. नवा फॉर्म तं छापलाच नाही अजून. त्याले एकदा इथं आणून बसवा म्हणते मी, या बाकावर."

मी त्याच बाकावर बसलो होतो.

ती फाइल माझ्या ओट्यावर होती, गॅसच्या नळीसाठी पाडलेलं भोक होतं त्याच्या जवळ. शेरा माझाच होता, लाल शाईत, आणि तो लिहिताना मी खूश झालो होतो हेही मला आठवलं. आता कोणाला वाटेल, मग मी गेलो असेन तडक आणि केली असेल फाइल मोकळी. नाही केली. दुसऱ्या दिवशी ती काढली, वाचली, आणि परत ठेवली. एकदा काढलेली खोट आपणच मागे घ्यायची म्हणजे पहिल्यांदा आपण चुकलो असं कागदावर आलं असतं. माझी गुंडाळी मी आणतच होतो. एकाच्या ऐवजी दोन आणू लागलो आणि स्वतःला बराच उदार समजू लागलो. रविवारी ड्रेसिंगची खोली बंद, सोमवारी म्हातारीला बस मिळाली नाही. घरी बांधलेले लुगड्याचे तुकडे तसेच चिकटून राहिले. ते मला दिसत होतं.

पाच-सहा दिवसांनी सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शिकलेले. मले एक अर्ज लिहून द्या. असा लिहा का त्या बाबूले झोंबला पाहिजे."

पाय स्टुलावर, मांडीवर पुठ्ठा, मध्ये कार्बन घालून दोन प्रती. सुरुवात चाचरतच केली, पण दुसऱ्या वाक्यापासून हात सवयीने पळू लागला. "खेद का विषय है कि" आलं, "जनहित की घोर उपेक्षा" आलं. शेवटी "संबंधित लिपिक का उत्तरदायित्व निर्धारित किया जाए" असं लिहून खाली रेघ मारली. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. वीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं चांगलं ड्राफ्टिंग केलं नव्हतं. ते माझ्याविरुद्ध आहे हे वाचताना क्षणभर विसरूनच गेलो. सिस्टरांनी सही केली आणि अर्ज रवाना झाला.

चौथ्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन पडला. कोपऱ्यात साहेबांचा शेरा होता, चर्चा करें.

मी लंगडत आत गेलो. साहेबांनी अर्ज चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला.

"ड्राफ्टिंग बढ़िया है," ते म्हणाले. "बिलकुल तुम्हारे जैसी."

"जी सर."

"अक्षर भी."

त्यांनी माझ्या पायातल्या चपलेकडे आणि पट्टीकडे पाहिलं आणि कागद परत दिला. "आज ही निपटाओ."

निपटवायला एक ओळ लागली. जुन्या फॉर्मवर जुन्या राज्याचं नाव खोडून नव्याचं लिहिलेलं ग्राह्य धरावं, बस. दोन महिने अडलेलं काम एका ओळीचं होतं. टाइपिस्ट सुट्टीवर होता म्हणून दवाखान्याला उत्तरही मी हातानेच लिहिलं. घाई झाली होती मला आता. दोन दिवसांत कापडाची खोकी निघाली, आणि मीच ती पाठवली म्हणून मी घरी छाती काढून सांगितलं. बायको म्हणाली, "अडवले कोणी होते?"

या धावपळीत दोन दिवस पट्टी घरी बायकोनेच बदलली होती. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो. कोपऱ्यात खोकी रचलेली होती. बाकावर शेजारची जागा रिकामी होती.

"आजी नाही आल्या?" मी विचारलं.

"वॉर्डात आहे. परवा दोन बोटं काढली तिची." सिस्टर माझी पट्टी सोडत होत्या. "कापड असतं तरी कदाचित काढावी लागली असती. कदाचित नसतीही."

माझा अंगठा उघडा झाला. मांस लाल होतं, नव्या कातडीची कड दिसत होती. त्यांनी तो नीट पुसला, नवं कापड घेतलं, चार पदर, कसलीही काटकसर न करता. गाठ मारून झाल्यावर त्यांनी ट्रेमधून दोन कागद काढले आणि माझ्या मांडीवर शेजारीशेजारी ठेवले. एक त्यांच्या अर्जाची कार्बन प्रत. दुसरं वरून आलेलं उत्तर. दोन्हींतला "क" एकसारखा, खाली शेपटी वळवलेला. माझ्या वडिलांनी पट्टी मारून मारून शिकवलेला.

मला वाटलं आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या. "खरं."

मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, साळ्याचं नाव पेनाने खोडलं आणि वर माझं लिहिलं. चिठ्ठीवर आता दोन नावं खोडलेली होती, एक राज्याचं आणि एक माझ्या खोटेपणाचं, आणि दोन्ही दुरुस्त्या चालणार होत्या.

"वॉर्डात जाऊन या," त्या म्हणाल्या. "काल शुद्धीवर आली तशी विचारून राहिली होती, मास्टरजीचा अंगठा राहिला का म्हणून. मी राहिला म्हणून सांगितलं. पण तुम्ही दाखवून या."