एका तारेवरची दोन घरं

राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर ब्रॉडबँड आलं, तेव्हा मी घरबसल्या भाषांतराची कामं घ्यायला लागले होते. तार टेलिफोनची, जुनीच. माणसाच्या बोलण्याला तारेवरच्या खालच्या लहरी पुरतात. वरच्या रिकाम्याच असतात, त्यांच्यावरून इंटरनेट येतं. म्हणून फोनवर बोलत असतानाही नेट चालतं. फक्त प्रत्येक फोनच्या आधी फिल्टरची छोटी डबी लावावी लागते, नाहीतर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात.

जोडणीला आलेल्या लाइनमनने विचारलं, "घरात फोन किती?"

"एकच," वडील म्हणाले.

ही शुद्ध थाप होती. आमच्याच फोनची पॅरलल तार शेजारी थोरल्या चुलत्यांच्या घरात गेलेली होती. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ-भाऊ भांडल्यापासून ते घरच आमच्या लेखी नव्हतं, मग तिथला फोन कुठून असणार?

पुढे दर रविवारी एकच तऱ्हा. पुण्यात दिलेल्या ताईचा ठरल्या वेळी फोन आला की नेट बंद. इतर कुणाच्या फोनला काही नाही. पाठवत असलेलं काम मधेच अडकलं की मी नुसती चरफडायची. शेवटी मॉडेमबरोबर आलेला कागद नीट वाचला आणि डोक्यात प्रकाश पडला. घंटा दोन्हीकडे वाजते, आणि तिकडे काकू रिसीव्हर उचलतात. त्यांच्या फोनला डबी नाही.

वडिलांना सांगितलं, तर ते पक्कड शोधायलाच उठले. "चोरून ऐकत्यात व्हय! तारच तोडतो."

रागावले मीही होते, पण तार तोडणं मला पटेना. काकूंना मूलबाळ नाही. ताईला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. भांडण पुरुषांचं, पण ताईशी बोलणं त्यांचंही बंद झालं होतं. कशीबशी वडिलांची समजूत घातली, राहुरीतून फिल्टर आणला आणि कितीतरी दिवसांनी त्या घराची पायरी चढले.

मला पाहताच काकू फोनवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तार काढाया आलीस?"

"न्हाई. डबी लावायचीय. मग माझं नेट बंद पडणार न्हाई."

त्यांनी हात काढला. मी डबी लावली. मग हळूच म्हणाल्या, "ती खरखर जाईल का गं? तुझं नेट आल्यापासून पोरीचा आवाजच कळंना झालाय."

 घरी येऊन आईवडिलांसमोर जसंच्या तसं सांगितलं.

"तार तोडायची न्हाई," आई वडिलांना म्हणाली. "जाऊबाईंनी फोन उचलला की आवाज बारीक हुतो, मला तवाच कळतं. मग पोरीला मी दर येळी तेच पुन्यांदा इचारते, जेवलीस का, खोकला गेला का. मला काय ते म्हाईत नसतंय? त्यांना ऐकाया मिळावं म्हणून इचारते."